पालथा हात

एका राज्यात सात रांजण होते, आणि ते कधी रिते होत नसत. त्यांत सोन्याचे दाणे असत, जोंधळ्याएवढे, हातात घेतले की कोमट लागणारे. मूठभर काढले की तळातून मूठभर वर येत. असे रांजण ज्याच्या घरी त्याला झोप कशी लागेल, असं तुम्ही म्हणाल. पण त्या राज्याचा राजा भद्रसेन गाढ झोपत असे, कारण तो दिवसभर देई आणि देऊन देऊन दमून जाई.

देण्याचं त्याला वेडच होतं म्हणा ना. समोरच्याचा चेहरा जरा उतरलेला दिसला की याचा हात रांजणाकडे गेलाच. त्याची एकुलती एक लेक शाल्मली लहानपणी बाहुली मोडली म्हणून रडली, तेव्हा त्याने तिच्या ओच्यात दोन मुठी सोनं ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या सोन्याचे खडे झाले. पोर पुढे कित्येक दिवस त्यांनीच सागरगोटे खेळली.

हो, खडे झाले. तीच तर त्या घरातली पीडा होती.

हे रांजण आले कुठून, ते आधी ऐका. भद्रसेनाचे आजोबा धवलसेन एकदा वनात हिंडत असता त्यांना एक यक्ष भेटला. यक्षाच्या पायात बाभळीचा काटा रुतला होता. धवलसेनांनी तो काढला. यक्ष प्रसन्न झाला, त्याने टाळी वाजवली, आणि सात रांजण उभे राहिले. सातव्या रांजणावर एक साळुंकी बसलेली होती. यक्ष म्हणाला, “राजा, पात्र असेल तिथं दे. पात्रात दिलेलं सोनं सोनंच राहील. पात्र सोडून दिलंस तर दिलेलं दगड होईल, आणि देणाराही.” एवढं बोलून तो दिसेनासा झाला. यक्षांना नेहमीच घाई असते.

धवलसेनांनी दिलं, त्याचे दगड झाले. त्यांच्या मुलाने दिलं, त्याचेही दगड झाले. राजवाड्याच्या दारात दोन पुतळे होते, एक उंच आणि एक बुटका. ते पुतळे नव्हते, आजोबा आणि वडील होते. दोघांचाही हात पुढे आलेला, तळवा खाली, बोटं किंचित उघडी. भद्रसेन येता जाता त्यांना नमस्कार करी आणि पुन्हा रांजणाकडे वळे.

त्याची स्वतःची करंगळी राज्याभिषेकाच्या दिवशीच दगड झाली. मग एकेक बोट गेलं, मनगट गेलं, कोपर गेलं. ही गोष्ट सुरू होते तेव्हा उजवा हात खांद्यापर्यंत दगड झाला होता. म्हणून तो डाव्या हाताने देई, आणि डाव्या हाताने देतो म्हणून प्रत्येकाची क्षमा मागे.

दानपंडित विचक्षण यांचं मत मात्र पक्कं होतं. “पात्र म्हणजे लायक माणूस,” ते म्हणत. “आपण भलत्यालाच देतो, म्हणून दगड होतात.” मनाने वाईट नव्हते हो विचक्षण. राजावर त्यांचा फार जीव. राजाचा एकेक सांधा गेला की ते काळजीने एकेक प्रश्न वाढवीत. असे एकवीस प्रश्न झाले. सोनं कशाला हवं? त्याने किती जणांचं भलं होईल? तीन वर्षांनी काय दिसेल? नाहीच दिसलं तर काय कराल? हे आधी कोणी केलं आहे का? केलं असेल तर तुम्ही कशाला, आणि केलं नसेल तर ते होईल कशावरून? राजवाड्याला सात दारं, दर दाराशी तीन प्रश्न, उत्तरं भूर्जपत्रावर, तीही सात प्रतींत. ज्यांना विहीर हवी होती ते विहीर सोडून अक्षर सुधारायला बसले. गावोगाव अर्ज लिहून देणारे निघाले, आणि त्यांचं मात्र बरं चाललं.

इतकं करून जे मिळे त्याचेही दगडच होत. ते दगड लोकांच्या दारात दिसू नयेत म्हणून, आजोबांच्या वेळेपासूनच्या रिवाजाप्रमाणे, विचक्षण गाड्या भरभरून ते तमाली नदीत टाकवीत.

एके सकाळी राजवैद्यांनी राजाचा खांदा चाचपला आणि मान खाली घातली.

“महाराज, आता तीन दानं. पहिलं चुकलं तर गळ्याचं हाड जाईल, दुसरं चुकलं तर छाती, आणि तिसरं चुकलं तर काळीज.”

“आणि देणंच थांबवलं तर?” शाल्मलीने विचारलं.

“तरी दगड तिळातिळाने सरकत राहील. महाराजांना पुढचा वसंत दिसणार नाही.”

भद्रसेन हसला. “मग देऊनच जातो. वैद्यराज, तुमच्या मुलीचं लग्न ठरतंय ना? थांबा हं, रांजण इथेच आहे.”

“बाबा!” शाल्मली ओरडली. तिला रडू आलं होतं आणि रागही आला होता. आई गेल्यापासून तिला याच एका माणसाने वाढवलं होतं, याच हाताने भरवलं होतं. तो हात आता थंडगार झाला होता. तिने बापाचा डावा हात धरला. “ही तीन दानं मी करणार. तुम्ही मूठ काढून द्यायची, कुठे द्यायची ते मी पाहीन.”

ती रांजणांच्या दालनात गेली. साळुंकी सातव्या रांजणावर पंख साफ करीत होती. तिला बोलता येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण एका दिवसात ती एकाच प्रश्नाचं उत्तर देई, आणि राजसभेतल्या माणसांना एवढा दम कुठला.

“साळुंके, बाबांचा हात सुटेल कसा?”

“एक दान पात्री पडलं आणि तसंच राहिलं की सुटेल.”

“पात्र म्हणजे काय?”

“तो उद्याचा प्रश्न.”

तेव्हा पहिल्या दिवशी विचक्षणांचंच ऐकावं लागलं. त्यांनी सातही दारं उघडली. तीनशे माणसं आली, आणि दुपारी एकच गृहस्थ सातव्या दारातून बाहेर पडला. त्याचं नाव कोविद. एकवीसच्या एकवीस उत्तरं बिनचूक! त्याला तमाली नदीवर पूल बांधायचा होता, आणि पुलाचं चित्रही त्याने तीन रंगांत काढून आणलं होतं. भद्रसेनाने डाव्या हाताने मूठ भरली, शाल्मलीने ती कोविदाच्या हाती ठेवली. कोविद आभाराचं भाषण करू लागला. भाषण चांगलं होतं, पण लांबलं, आणि ते संपायच्या आत त्याच्या हातात दगड होते. तिकडे राजाचं गळ्याचं हाड कटकन वाजलं. मान वळवायची तर त्याला सगळं अंग वळवावं लागू लागलं.

दुसऱ्या सकाळी शाल्मलीने विचारलं, “पात्र म्हणजे काय?”

“भांडं,” साळुंकी म्हणाली. “मी पाणी पिते ते काय असतं?”

शाल्मलीला ते एकदम पटलं. लायकी कोण ठरवणार? ज्याने त्याने आपलं भांडं आणावं आणि भरून न्यावं, विचारायचं काही नाही. बापाची मूठ पदराच्या गाठीत बांधून ती नदीकाठच्या गावी गेली. रांजणातली मूठ राजवाड्याबाहेर वाढते, हे सांगायचं राहिलं. एका मुठीत गाव भरेल इतकं सोनं निघे.

लोक भांडी घेऊन आले. कोणी वाटी आणली, कोणी हंडा. एक जण तर शेजाऱ्याची गूळ आटवायची काहील उचलून घेऊन आला. सगळ्यात शेवटी भागाक्का सुईण आली. तिच्या कमरेवर एक जुनी घागर होती.

“लेकी, घागर फुटकी हाय. पर घरात हीच एक हाय.”

“चालेल, आक्का.”

शाल्मलीने सगळ्यांची भांडी काठोकाठ भरली. लोक आनंदाने घरी गेले. उन्हं कलली आणि गावातून एकच हाकाटी उठली. वाटीत खडे झाले होते, हंड्यात धोंडे, आणि काहिलीत तर एकच शिळा, ती शेजाऱ्याला कशी परत करावी हा त्याच्यापुढे मोठाच प्रश्न होता. शाल्मलीने राजवाड्याच्या दिशेने पाहिलं. तिला राजवाडा दिसत नव्हता, पण बापाची छाती या क्षणी दगड होते आहे हे तिला कळलं.

तेवढ्यात भागाक्का परत आली. “लेकी, माझ्या घागरीत बी दगडच झाले. पर वाटंनं जे गळलं, त्ये बघ.”

घागरीच्या भोकातून सांडलेले दाणे वाटेवर पडले होते. येणाऱ्या जाणाऱ्यांनी ते उचलले होते, कोणी पुढे दुसऱ्याला दिले होते. ते सोन्याचेच होते. शाल्मलीने त्यातला एक हातात घेतला, तो कोमट होता.

ती राजवाड्यात परतली तेव्हा भद्रसेन पलंगावर टेकून बसला होता. श्वास अर्धाच आत जात होता.

“मिळालं का गं लोकांना?” त्याने विचारलं.

“नाही, बाबा.”

“अरेरे,” तो म्हणाला. त्याला स्वतःच्या छातीचं नव्हे, लोकांचं वाईट वाटलं होतं. शाल्मली त्याच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली.

तिसऱ्या सकाळी तिने अर्थ विचारलाच नाही. ती म्हणाली, “साळुंके, यक्ष राहतो कुठे?”

“तमाली नदीत.”

“इतकी वर्षं कोणाला हे ठाऊक नव्हतं?”

साळुंकीने मान वाकडी केली. एका दिवसाला एकच प्रश्न. पण उत्तर तिच्या डोळ्यांत होतं: कोणी विचारलंच नाही.

भद्रसेनाने तिसरी मूठ काढली. ती गाठीत बांधून शाल्मली निघाली. विचक्षणही भूर्जपत्रांची चळत घेऊन मागोमाग आले. कितीही म्हटलं तरी राजा त्यांचाही होता.

भर दुपारी ती दोघं नदीवर पोचली. नदी कसली! या काठापासून त्या काठापर्यंत नुसते दगड. खोल कुठेतरी पाण्याची गुळगुळ ऐकू येत होती. मधोमध दगडांवर एक नाव होती, आणि नावेत जानबा नावाडी बसला होता.

“वीस वर्सं झाली, नाव दगडावर हाय,” तो म्हणाला. “पर नाव सोडून जावं कुटं?”

शाल्मलीने हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला दगड खडखडले आणि त्यांतून यक्ष वर आला. अंगावर शेवाळ, केसांत पाणवनस्पती, आणि चेहरा असा रागावलेला की विचक्षण नावेमागे गेले.

“कोण आहेस तू?”

“धवलसेनाची पणती.”

“आलीस? तीन पिढ्या तुम्ही माझ्या घरात दगड टाकता आहात. मी तुमचं काय वाईट केलं? काटा काढला म्हणून सोनं दिलं, आणि तुम्ही माझंच पात्र बुजवलंत!”

“काय म्हणालात?”

“पात्र. नदीचं पात्र.”

शाल्मली हळूच म्हणाली, “महाराज, तुम्ही पणजोबांना म्हणाला होतात, पात्र असेल तिथं दे. ते पात्र म्हणजे...”

“हेच की! मी नदीतला यक्ष. मला दुसरं कोणतं पात्र ठाऊक असणार?”

विचक्षणांच्या हातातली चळत गळून पडली. एकवीस प्रश्न, सात दारं, दोन राजे आणि तिसऱ्याची छाती, सगळं एका शब्दापायी गेलं होतं. ते दगडावर बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. यक्षालाही थोडं ओशाळल्यासारखं झालं.

“विचारायचं होतंत,” तो जरा नरमाईने म्हणाला. “पात्रातून पाणी जातं. काठच्या उंबराला हवं तेवढं उंबर पितो, बाकीचं पुढे जातं. पात्र कोणाला विचारत नाही, किती प्यालास आणि का प्यालास. माझं सोनंही त्याच जातीचं आहे. वाहिलं तर सोनं, अडलं तर दगड.”

“मग हे मी कोणाकोणाला देऊ?”

“ते तू ठरवलंस की तुझ्यापाशीच अडलं.”

गावातली माणसं एव्हाना गोळा झाली होती. शाल्मलीने गाठ सोडली आणि दाणे भागाक्काच्या पदरात ओतले. ओतता ओतता तिचा धीर सुटला. बापाचं काळीज होतं ते. तिच्या तोंडून निघालं, “आक्का, याचं तुम्ही नक्की काय...”

दाण्यांची चमक गेली. एकेक दाणा करडा पडू लागला. शाल्मलीने ओठ दाताखाली दाबले, इतके की रक्त आलं, आणि प्रश्न गिळून टाकला. दाणे पुन्हा पिवळे झाले.

भागाक्काने पदराकडे पाहिलं. “मला बाळंतिणींसाठी जुनी मऊ लुगडी पायजेत. चार दाण्यांत हुतील. बाकीचं जानबाला.”

जानबाने दगड उपसायला माणसं लावली आणि उरलेलं त्या माणसांनाच दिलं. त्यांनी आपापल्या घरची नड भागवली आणि उरलेलं पुढे दिलं. कोणाला कशाची गरज आहे हे त्यांना एकवीस प्रश्नांवाचून ठाऊक होतं, कारण ते रोज एकमेकांच्या दारावरून जात होते. एका म्हाताऱ्याने तर दोन दाण्यांचे नुसते बत्तासे आणले आणि गावभर वाटले. विचक्षणांनी डोळे घट्ट मिटून घेतले. डोळे उघडून पाहतात तो बत्ताशांचे दाणेही हलवायाच्या हातात सोन्याचेच होते, आणि हलवाई ते पुढे कोणाला तरी देत होता. विचक्षणांनी एक बत्तासा खाल्ला. चांगला होता.

एवढ्यात साळुंकी उडत आली आणि न विचारता बोलली. असं ती जन्मात पहिल्यांदाच बोलली होती. “राजकन्ये, हात सुटलेला नाही. घरी चल.”

शाल्मली धावली. भद्रसेन तसाच पलंगावर होता, ओठ निळे पडलेले. दगड काळजाच्या कडेशी येऊन थांबला होता, पुढे जात नव्हता आणि मागेही फिरत नव्हता. ती त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली, आणि काय चुकलं ते तिला कळेना.

तेव्हा दारातून येसू मोळीवाली आत आली. राजवाड्यात रोज लाकडं टाकणारी बाई ती. डोक्यावरची मोळी तिने दाराशी उतरवली, कनवटीला खोचलेला एक सोन्याचा दाणा काढला आणि राजापुढे धरला.

“महाराज, ह्यो तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“माझ्यापर्यंत तीन आले. दोन मला लागले. तिसरा कुणाला द्यावा म्हनून इचार केला. म्हनलं, महाराजांचा हात लई दुखतो म्हनं. त्यांनाच द्यावा.”

भद्रसेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो म्हणाला, “बाई, तुझी माया मोठी. पण मी राजा आहे. मी देतो, घेत नाही.”

येसूच्या बोटांतला दाणा करडा पडू लागला. राजाच्या छातीत कटकन आवाज झाला.

“मग ते तुमच्यापाशीच अडलं की, महाराज,” येसू म्हणाली.

शाल्मलीला दारातले दोन पुतळे आठवले. दोघांचे हात पुढे, आणि दोघांचे तळवे खाली. तीन पिढ्यांत या घरातल्या कोणी कोणापुढे हात उताणा केला नव्हता. नदी राजवाड्यापाशी येऊन अडत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “हात उताणा करा.”

“मला येत नाही गं.”

“मी धरते.”

तिने त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू वळवला. तो हात दगडाचा नव्हता, तरी दगडाहून जड होता. राजाला लाज वाटत होती, लहान मुलाला परक्या घरी खाऊ घेताना वाटते तशी. तळवा वर आला. येसूने त्यावर दाणा ठेवला आणि राजाची बोटं आपल्या खरखरीत हाताने मिटून दिली.

दाणा कोमट होता. भद्रसेन ढसाढसा रडला. रडता रडता त्याने पूर्ण श्वास घेतला, आणि छातीवरचा दगड पापुद्र्यासारखा गळून पडला. मग गळा सुटला, मग खांदा, मग कोपर, मग मनगट. शाप तुटला. उजवा हात सुटताच त्याने पहिल्यांदा काय केलं असेल? लेकीच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

दाणा ठेवून घ्यायचा नव्हता हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. विचक्षण धापा टाकत दारात पोचले होते. राजाने दाणा त्यांच्यापुढे धरला.

“महाराज, मी... मी पात्र आहे का?” विचक्षणांनी विचारलं, आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी हात उताणा केला.

पुढे सात रांजण राजवाड्यातून हलवून तमालीच्या काठी ठेवले, झाकणं न लावता. नदीतले दगड गावकऱ्यांनी उपसले आणि त्यांचाच घाट बांधला. पाणी आलं, जानबाची नाव तरंगली, यक्षाला पाय पसरून झोपता येऊ लागलं. कोविदाचा पूलही झाला; तीन गावच्या लोकांनाच तो हवा होता, त्यांनी तो थोडा डावीकडे बांधला. विचक्षण घाटावर बसू लागले. सोनं घेऊन जाणाऱ्याला ते एकच गोष्ट विचारीत, “बत्तासा खाणार?” आजोबा आणि वडील दगडच राहिले, त्यांना फार वर्षं झाली होती. शाल्मलीने त्यांना घाटावर नदीकडे तोंड करून उभं केलं.

राजाची करंगळी तेवढी दगडाची राहिली. तिने तो सुपारी फोडी. आणि येसू रोज मोळी टाकायला आली की तिच्याकडे कधी चार करवंदं असत, कधी रानातलं एखादं फूल. राजा आपला उजवा हात तिच्यापुढे उताणा धरी.

ही गोष्ट येसूच्या नातीच्या नातीने मला दिली, मी तुम्हाला दिली. आता माझ्यापाशी काही नाही.